भाग ११८, घर ४४

नोव्हेंबर लागला की सरोज कुशवाह येते,
आंगणवाडीची. जिना चढतानाच विचारते,
"भाईसाब, कितने बचे?"
तिच्या मनात वाकडं काही नसतं.
यादीत किती नावं उरली, एवढंच.

मी चष्मा शोधतो. ती प्लास्टिकच्या पिशवीतून
कागदांचा गठ्ठा काढते, मांडीवर पुठ्ठा ठेवते,
दिलेला गजकाचा तुकडा
चहा येईपर्यंत तसाच हातात धरून.

आई गेल्यावरही तीन वर्षं मतदार होती.
दरसाल मी सांगायचो, दरसाल तिचा फोटो
छापून यायचा, डोक्यावरून पदर,
वय एकेक वर्षानं वाढलेलं.
मग सात नंबरचा फॉर्म भरला, दाखला जोडला,
तेव्हा कुठे सुटली.

आमचं आडनाव पिंपळखरे. यादीत पीपलखरे.
अनुस्वार कधी गळाला ठाऊक नाही.
ळ तर आमच्या मशीनमध्येच नाही,
असं तहसिलीतला मुलगा म्हणाला.
दोनदा अर्ज केला, मग नाद सोडला.
मत काय, ल लावूनही पडतं.

यंदा सरोज ३१२ वर बोट ठेवते.
शरदचंद पीपलखरे, पिता विनायक.
"ये तो नाले के उस पार हैं न अब? इकहत्तर में?"
हो.
"दो जगह चल रहा है नाम. एक काटना पडेगा."

सहा वर्षं मी हा कागद असाच परत करत आलो,
सगळं बरोबर आहे, अशी खूण करून.

आईला दिल्लीला न्यायचं की ऑपरेशन इथेच,
एवढ्यावरून. तो दिल्ली म्हणाला, मी इथेच म्हणालो.
पुढचं सांगण्यात अर्थ नाही.
चौदाव्या दिवशी त्यानं टेम्पो आणला
आणि नाल्यापलीकडे घर घेतलं, इतकं जवळ
की त्याच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते
ते मला खिडकीतून दिसतं
आणि मी सांगत नाही.

कागदावर चौकटी आहेत. मृत. स्थलांतरित. दुबार.
सरोजचं पेन तिसरीवर टेकलेलं.
विचारावंसं वाटलं, बाई,
त्याच शाळेत, त्याच खोलीपुढे,
माझ्यामागे पाच माणसं सोडून रांगेत उभा राहतो,
तो गेला म्हणायचं की आहे म्हणायचं?
पण तिची अजून अठ्ठावन्न घरं राहिली होती.

"सुबह उन्हीं के यहाँ थी," ती म्हणते,
आणि गठ्ठ्यातून एक कागद ओढते.
"ये कौनसा अक्षर है, बताओ तो. जलेबी जैसा.
मैंने कहा ल लिख दो, तो बिगड गए."

निळी शाई. शरूचं अक्षर.
छापील नावावर रेघ मारून वर लिहिलेलं:
शरच्चंद्र विनायक पिंपळखरे.
ळ एवढा मोठा की चौकटीबाहेर आलेला.
असाच काढायचा तो, पाटीवरसुद्धा,
एक वाटोळं, मग हात न उचलता दुसरं,
आणि मास्तर छडी मारायचे, लहान काढ रे.

मी सही केली. ३१२ वर रेघ पडली.
मग तिचंच पेन मागून घेतलं
आणि ३११ वर, माझ्या नावावर,
मीही तेच केलं.
"आप भी?" सरोज म्हणाली. "छपेगा नहीं ये."
माहीत आहे.

ती निघाली तेव्हा टाकी वाहत होती.
म्हटलं, परत तिकडे गेलीस तर सांग त्याला.
"फोन कर लो न," जिन्यातूनच आवाज आला,
"नंबर तो लिखा था उसमें."

होता खरा. दहा चौकटी, दहा आकडे,
नावाच्या अगदी खाली.
मी ळच बघत बसलो होतो.